कोर्टाची पायरी आणि खोटे बोलावणे

'शहाण्या माणसाने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. म्हण जुनी आहे आणि अगदीच खोटीही नाही. बांधाच्या हातभर जमिनीसाठी दोन-दोन पिढ्या तालुक्याला खेपा घालणारी घरे तुमच्याही गावात असतील. परंतु या म्हणीने शहाणपणाबरोबर एक भीतीही आपल्या मनात पेरून ठेवली आहे. कोर्टाचा कागद म्हटला, पोलिसाची टोपी म्हटली, की भल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. ज्याने जन्मात कोणाचे चार आणे बुडवले नाहीत, त्याच्या पोटात तर तो अंमळ मोठाच येतो. आज काही भामट्यांनी आपल्या याच भीतीच्या भांडवलावर मोठा धंदा उभारला आहे. त्या धंद्याची ओळख करून द्यावी आणि त्यापासून कसे वाचावे ते सांगावे, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो. ज्यांनी मला शाळेत गणित शिकवले ते आमचे गुरुजी आज त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. निवृत्त होऊन पंधरा वर्षे झाली. पोरे नोकरीनिमित्त बाहेरगावी. घरात गुरुजी आणि काकू दोघेच. २०२५ सालच्या जानेवारीत एके सकाळी त्यांना फोन आला. "तुमच्या आधार क्रमांकावर मुंबईत एक सिमकार्ड घेतले गेले आहे. त्यावरून गैरप्रकार झाले आहेत. दोन तासांत तुमचा फोन बंद होईल." गुरुजी म्हणाले, "अहो, मी मुंबईला जाऊन आठ वर्षे झाली!" त्यावर पलीकडचा माणूस मोठ्या अदबीने म्हणाला, "मग सर, तुमची फसवणूक झालेली दिसते. तुम्ही तक्रार नोंदवा. मी तुम्हाला मुंबई पोलिसांशी जोडून देतो."

हे नीट ध्यानात घ्या. धमकी आधी येत नाही, आधी मदत येते.

मग फोनच्या पडद्यावर खाकी गणवेशातला एक अधिकारी आला. मागे कचेरीची पाटी, बाजूला झेंडा. त्याने सांगितले, "तुमच्या नावावर एक बँक खाते आहे, त्यातून काळा पैसा फिरला आहे, तुमच्या अटकेचे वॉरंट निघाले आहे." पाठोपाठ फोनवर कागद आला. त्यावर सिंहमुद्रा, शिक्का, सही आणि गुरुजींचे संपूर्ण नाव. "तुमचे वय पाहून आम्ही तुम्हाला घरातच अटकेत ठेवत आहोत. कॅमेऱ्यासमोरून उठायचे नाही. कोणाशी बोलायचे नाही, बायकोशीसुद्धा नाही. बोललात तर तीही सामील आहे असे आम्ही धरू." या प्रकाराला ते लोक 'डिजिटल अरेस्ट' असे भारदस्त नाव देतात.

गुरुजी दोन दिवस खोलीचे दार लावून बसले. काकूंना सांगितले, पेन्शनचे काम आहे. काकू जेवणाचे ताट दाराशी ठेवायच्या आणि तसेच परत न्यायच्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांना सहज फोन केला होता. "बाळ, मी कामात आहे, मग बोलू," एवढे म्हणून त्यांनी फोन ठेवला. पस्तीस वर्षांत या माणसाने माझे बोलणे असे कधी तोडले नव्हते. मला ते खटकले. पण तासाची घंटा झाली होती, मी वर्गावर गेलो. त्यांचे घर मोटारसायकलवर दहा मिनिटांच्या अंतरावर आहे. आजही ती दहा मिनिटे माझ्या मनातून जात नाहीत.

तिसऱ्या दिवशी गुरुजींनी मुदत ठेव मोडली आणि सहा लाख चाळीस हजार रुपये त्या माणसांनी दिलेल्या खात्यावर पाठवले. बँकेतल्या मुलीने विचारलेही, "गुरुजी, एवढी रक्कम कशासाठी?" त्यांना पढवलेले उत्तर तयार होते, "मुलाच्या फ्लॅटसाठी." पडताळणी झाली की अठ्ठेचाळीस तासांत पैसे परत मिळतील, असे आश्वासन होते. अठ्ठेचाळीस तास गेले आणि ते फोनच बंद झाले. गुरुजींनी ही हकीकत आम्हांला सांगितली ती अकरा दिवसांनी. तोवर त्या खात्यात काहीच उरले नव्हते. मी विचारले, "गुरुजी, लगेच का नाही सांगितलंत?" ते म्हणाले, "अरे, लोक काय म्हणतील? गणिताच्या मास्तराला हिशेब कळला नाही?"

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी खेड्यातले, साधेभोळे. शिकलेला शहरी माणूस असा फसणार नाही. तसे नाही. २०२४ सालच्या ऑगस्टमध्ये लुधियानाच्या ८२ वर्षांच्या एका नामांकित उद्योगपतींना याच रीतीने ७ कोटी रुपयांना लुबाडले. त्यांच्यासाठी तर भामट्यांनी फोनच्या पडद्यावर सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी भरवली आणि तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या नावाने एक तोतया न्यायासनावर बसवला. चंद्रचूडांचे घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातल्या कनेरसरचे, म्हणजे आपल्याच मुलखातले. त्यांच्या नावाचाही या लोकांनी बाजार मांडला. मात्र त्या प्रकरणात तक्रार झाल्यावर पोलिसांना सव्वापाच कोटींच्या आसपास रक्कम परत मिळवता आली. तक्रार करण्याने काय होते, याचे हे उदाहरण आहे.

पुढे खुद्द सर्वोच्च न्यायालयाच्या नावाचे बनावट आदेश दाखवून हरियाणातल्या अंबाल्याच्या एका वृद्ध दांपत्याला एक कोटीहून अधिक रकमेला फसवले गेले. तेव्हा ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपणहून या प्रकाराची दखल घेतली आणि डिसेंबर २०२५ मध्ये अशा गुन्ह्यांचा तपास सीबीआयकडे सोपवला. तेव्हा फसलेल्या माणसाने लाजेने मान खाली घालण्याचे काही कारण नाही. हा चोर घरफोड्या नसून मनफोड्या आहे.

मग यातून वाचायचे कसे? माझ्या मते एकच गोष्ट पक्की समजून घ्यावी. खरा कायदा कसा चालतो हे ज्याला माहीत आहे, त्याला खोटा कायदा फसवू शकत नाही. खोटे नाणे ओळखायचे तर खऱ्या नाण्याचा आवाज कानाला ठाऊक असावा लागतो. म्हणून थोडा वेळ खऱ्या कायद्याकडे वळू.

कोर्टाचे खरे बोलावणे म्हणजे समन्स. ते लेखी असते. त्यावर न्यायालयाचे नाव, खटल्याचा क्रमांक, न्यायाधीशांची सही आणि न्यायालयाचा शिक्का असतो. अमुक तारखेला अमुक ठिकाणी हजर राहा, असा मजकूर असतो. ते घेऊन बहुधा पोलीस किंवा कोर्टाचा बेलिफ दारात येतो. तुम्ही घरी नसाल तर घरातल्या सज्ञान माणसाकडे देतो. वेळप्रसंगी दारावर डकवतो. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रियेसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. तिच्यात न्यायालयाचे समन्स इलेक्ट्रॉनिक रूपात पाठवण्याचीही सोय आहे. तेव्हा 'फोनवर आले ते सगळे खोटे' असे डोळे मिटून म्हणता येणार नाही. पण ते कोणत्याही वाटेने येवो, ते तुम्हाला तारीख देते. ते पैसे मागत नाही आणि 'आत्ताच्या आत्ता' असे म्हणत नाही. खटल्याचा क्रमांक खरा की खोटा, हे तालुक्याच्या न्यायालयात जाऊन किंवा न्यायालयांच्या ई-कोर्ट्स या संकेतस्थळावर पाहता येते.

पोलिसांसमोर हजर राहण्याची जी नोटीस असते, ती तर व्हॉट्सॲपवरून बजावू नये, कायद्याने घालून दिलेल्या रीतीनेच बजावावी, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सर्व राज्यांना बजावले आहे. शिवाय साक्षीदार म्हणून जबाब हवा असेल तर बाईमाणसाला आणि साठ वर्षांवरील पुरुषाला पोलीस ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही. त्यांचा जबाब पोलिसांनी घरी येऊन घ्यावा, असा कायदा आहे.

आता अटक. अटक करायची तर पोलिसाला तुमच्यापुढे उभे राहावे लागते. 'डिजिटल अरेस्ट' नावाची चीज आपल्या कोणत्याही कायद्यात नाही. खरी अटक झाली तर तिचे कारण तुम्हाला सांगावे लागते. अटकेचा लेखी पंचनामा करावा लागतो आणि त्यावर घरातल्या माणसाची किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्ष घ्यावी लागते. तुम्ही सांगाल त्या नातेवाइकाला वा मित्राला कळवावे लागते. वकिलाचा सल्ला घेण्याचा तुम्हाला हक्क असतो. आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत तुम्हाला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. यातल्या कारणाची, वकिलाची आणि चोवीस तासांची हमी तर आपल्या राज्यघटनेच्या बाविसाव्या कलमातच आहे.

आता दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहा. कायदा म्हणतो, घरच्यांना कळवा. भामटा म्हणतो, घरच्यांना कळवू नका. कायदा म्हणतो, वकील करा. भामटा म्हणतो, कोणाचा सल्ला घेऊ नका. कायदा तारीख देतो, भामटा दोन तास देतो. कायदा आधी ऐकून घेतो आणि दंड करायचाच झाला तर निकालानंतर करून पावती देतो. भामटा आधी पैसे घेतो आणि नंतर अदृश्य होतो. गुरुजींना जर एवढेच ठाऊक असते की अटक ही घरच्यांना कळवूनच होते, तर 'बायकोशी बोलायचे नाही' या पहिल्याच हुकमाला त्यांनी चोर ओळखला असता.

हा प्रकार आपल्याच देशात आहे असे नाही. अमेरिकेत त्याला वेगळा वेष आहे. तिथे अनेक खटल्यांचा निवाडा सामान्य नागरिकांतून निवडलेले पंच करतात. त्यांना ज्यूरी म्हणतात. आपल्याकडेही पूर्वी ही पद्धत होती. १९५९ साली मुंबईत गाजलेला नानावटी खटला ज्यूरीपुढे चालला, हे जुन्या माणसांच्या कानावर असेल. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत मात्र ज्यूरीला जागा उरली नाही. अमेरिकेत ती चालू आहे आणि बोलावणे आले की नागरिकाला जावे लागते. तिथले भामटे फोन करून म्हणतात, "मी शेरीफच्या कचेरीतून बोलतो. तुम्ही ज्यूरीच्या कामाला आला नाहीत, तुमच्यावर वॉरंट आहे. अटक टाळायची असेल तर आत्ता दंड भरा." आणि दंड कशाने भरायचा? दुकानातून गिफ्ट कार्ड आणून त्याचे आकडे फोनवर वाचून दाखवायचे, नाहीतर बिटकॉइनच्या यंत्रात पैसे टाकायचे! जगातले कुठले न्यायालय अशा रीतीने दंड घेईल? तिथल्या न्यायालयांनी वारंवार जाहीर केले आहे की ज्यूरीचे बोलावणे टपालाने जाते आणि ते चुकले तरी कोणी फोनवर पैसे मागत नाही.

तुमच्यापैकी अनेकांची मुले-मुली तिकडे नोकरीला आहेत, म्हणून त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. ज्यूरीचे काम फक्त अमेरिकेच्या नागरिकाला करता येते. नोकरीच्या व्हिसावर किंवा शिकायला गेलेला आपला मुलगा त्या कामाला पात्रच नाही. त्याला असा फोन आला तर तो खोटा, हे त्याने ऐकताक्षणी समजावे. टपालाने खरोखरच कागद आला, तर आपण नागरिक नाही असे लिहून तो परत पाठवावा म्हणजे झाले.

मुलुख वेगळा, वेष वेगळा, पण चोर एकच. म्हणून त्याच्या तीन खुणा पाठ करून ठेवा. पहिली खूण घाई, दुसरी गुपित, तिसरी पैसा. आत्ताच करा, कोणाला सांगू नका, पैसे पाठवा. या तीन गोष्टी जिथे एकत्र आल्या तिथे समोरच्याने कोणतीही टोपी घातलेली असो, तो चोर आहे. तुमचे नाव, आधार क्रमांक, बँकेचे नाव त्याला ठाऊक आहे म्हणून दबकू नका. ही माहिती आज ठिकठिकाणी सांडलेली असते. फोनवर पोलीस ठाण्याचा खरा क्रमांक दिसला म्हणूनही भुलू नका. तोही खोटा उमटवता येतो.

असा फोन आलाच तर काय करावे? वाद घालू नका, शिव्या देऊ नका, आपली निर्दोषता पटवून देत बसू नका. फोन ठेवून द्या. "तुमचं काय ते लेखी पाठवा, मी आमच्या ठाण्यात येऊन बघतो," एवढे एक वाक्य पुष्कळ झाले. मग घरातल्या माणसाला मोठ्याने सांगा. शेजाऱ्याला सांगा, पोलीस पाटलाला सांगा. मनातच राहिले की भूत मोठे होत जाते. बोलून टाकले की पळते. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी आकाशवाणीवरच्या 'मन की बात'मध्ये याच विषयावर तीन पायऱ्या सांगितल्या होत्या. थांबा, विचार करा, मग कृती करा. त्यांतली पहिलीच सर्वांत महत्त्वाची. कायद्याबद्दल शंका असेल तर तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० या क्रमांकावर विचारा. संशयास्पद फोन कळवण्यासाठी 'संचार साथी'वर 'चक्षु' नावाची सोय आहे.

आणि पैसे गेलेच, तर? तर एक क्षणही दवडू नका. १९३० हा क्रमांक फिरवा. हा आकडा घरातल्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा. लागलीच बँकेलाही कळवा आणि ठाण्यात जा. चोरीचा पैसा एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून दहा खात्यांत असा मिनिटामिनिटाला पुढे पळत असतो. तुम्ही लवकर कळवले, तर तो जिथे असेल तिथे गोठवता येतो. गुरुजींचे अकरा दिवस गेले ते चोराने नेले नाहीत; ते लाजेने नेले.

आता दोन शब्द शिक्षक मंडळींसाठी. हा पैसा ज्या खात्यांतून पळतो ती खाती आकाशातून येत नाहीत. तुमच्या-माझ्या कॉलेजातली पोरे चार-पाच हजार रुपयांच्या मोहाने आपले पासबुक, एटीएम कार्ड आणि सिमकार्ड कोणाच्या तरी हाती देतात. त्यांना वाटते, यात आपले काय जाते? जाते ते एखाद्या म्हाताऱ्याचे आयुष्यभराचे साठवण, आणि मग पोलीस, खरेखुरे पोलीस, त्या पोराच्या दारात येतात. दुसरे असे की परदेशी नोकरीच्या आमिषाने कंबोडिया, म्यानमार, लाओस या देशांत नेलेल्या कित्येक भारतीय तरुणांना कोंडून घालून असलेच फोन करायला लावले गेले आहे. तेव्हा वर्गात हे स्पष्ट सांगा, की आपले बँक खाते भाड्याने देणे हा गुन्हा आहे आणि ओळख-पाळख नसलेल्या दलालाच्या शब्दावर परदेशाचे विमान गाठणे हा धोका आहे.

आणि एक छोटासा अभ्यास मुलांना घरी द्या. मुलाने आजी-आजोबांसमोर बसून खोट्या पोलिसाचे सोंग करावे. आजोबांनी "लेखी पाठवा, मी ठाण्यात येतो," असे म्हणून फोन ठेवायचा. मुले हसतील, आजीही हसेल. पण हसत हसत पाठ झालेले वाक्य घाबरलेल्या वेळी तोंडात येते. मी माझ्या वर्गाला हा अभ्यास दिला तेव्हा एक मुलगी म्हणाली, "सर, आजीने तर फोनमध्येच विचारले, तू कुठल्या गावचा रे?" मी म्हटले, "तिला पैकीच्या पैकी गुण."

गुरुजींना मी या भाषणाविषयी विचारले होते. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "माझे नाव घेऊ नकोस, पण गोष्ट सांग. काकूचे ताटसुद्धा सांग." म्हणून सांगितले.

श्रोतेहो, म्हणीपासून सुरुवात केली होती, तिच्याशीच शेवट करतो. भांडणासाठी कोर्टाची पायरी शहाण्याने चढू नये हे खरेच. पण कोर्टाच्या आणि पोलिसांच्या नावाने कोणी फोनवर धमकावू लागला, तर मात्र शहाण्या माणसाने उठावे, पायांत चपला घालाव्यात आणि घरच्या माणसाला बरोबर घेऊन आपल्या ठाण्याची पायरी खुशाल चढावी. खरे ते तिथे दिवसाउजेडी समजते. आणि तुमच्या ओळखीचे एखादे वडीलधारे माणूस फोनवर तुटक बोलू लागले, तर कामे थोडी बाजूला ठेवून त्यांच्या घरी जाऊन या. दहाच मिनिटे लागतात.